तिच्या ताटातलं मीठ

ज्योतीला नेमकं काय झालं होतं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असे. "तिच्या आईनं अलूण्याचं, बिनमिठाचं व्रत धरायला लावलं, त्यात पोरीला औषध बाधलं." एवढं सांगून मी विषय बदलायचो. ऐकणारा हळहळायचा. ज्योतीची आई समोर असली तर खाली बघायची. आणि मी सुटायचो.

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी कित्येक वर्षं टाळलं. आता ज्योतीची आई, माझी बायको सुमन, नाही. मी सत्तरीच्या पुढे गेलो आहे. ज्यांच्या घरात त्या औषधाची गोळी रोज घेतली जाते त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंच आहे. पण तेवढ्यासाठीच लिहितो आहे असं नाही.

गोणीतली पावडर

मी रनाळ्याचा. नोकरीची सगळी वर्षं सुरतेच्या पलीकडे टाइल्सच्या एका कारखान्यात गेली. कच्च्या मालाचं गोदाम माझ्याकडे होतं. सुमन आणि ज्योती गावी असायच्या, मी सुट्टी मिळेल तसा पॅसेंजरनं नंदुरबारला यायचो आणि तिथून रिक्षानं घरी.

गोदामात माती, वाळू, फेल्डस्पार असा ढिगानं माल असे. लिथियम कार्बोनेट मात्र कमी यायचं आणि वेगळ्या कोपऱ्यात लाकडी फळीवर ठेवलं जायचं. पांढरी, हलकी पावडर. लांबून बघितली तर बारीक मीठच. टाइल्सच्या वरच्या काचेसारख्या थरात ती थोडीशी घातली की थर कमी आचेवर वितळतो, चकाकी चांगली येते आणि भट्टीतून काढल्यावर तडे कमी जातात. गोणीवर दर्जा छापलेला असायचा. आमची औद्योगिक दर्जाची. त्याहून शुद्ध ती बॅटरीसाठी जाते, हे मला माल आणणाऱ्या ट्रकवाल्याकडून कळलं. पुढे मोबाईल आणि विजेवरच्या गाड्या वाढल्या तशी तिची किंमतही वाढत गेली, आणि साहेब लोक त्या कोपऱ्याकडे जास्त आदरानं बघू लागले. वंगणात, ॲल्युमिनियमच्या भट्टीत, सिमेंट लवकर धरावं म्हणून, अशी तिची कितीतरी कामं. औषधाच्या दर्जाची मी कधी बघितली नव्हती. आमच्या गोणीवर उलट लिहिलेलं असायचं की हा माल औषधासाठी वापरू नये.

मी ती पावडर वर्षानुवर्षं हाताळली. मास्क घालायचा असायचा, कधी घातला, कधी नाही. नखांत बसायची, मिशीवर बसायची. मला काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत या वाक्याचा हात आहे.

सारंगखेड्याची जत्रा

ज्योती आमची उशिरा झालेली, एकुलती एक. नंदुरबारला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. त्या वर्षी पावसाळाभर ती अंथरुणातच होती. कुणाशी बोलायची नाही, वेणी घालायची नाही. सुमननं नजर उतरवली, मी टॉनिक आणलं. मग दिवाळीनंतर ती एकदम उठली. इतकी उठली की झोपायचीच बंद झाली. घरातले सगळे कपडे धुतले, शेजाऱ्यांचेही धुतले, गल्लीतल्या बायकांना इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, पोरगी सावरली.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ती मैत्रिणींबरोबर गेली आणि एका व्यापाऱ्याशी तिनं तीन घोड्यांचा सौदा केला. संध्याकाळी आप्पा, म्हणजे मी, पैसे घेऊन येणार, असं त्याला सांगितलं. तो व्यापारी म्हातारा मुसलमान होता. दुसरा असता तर हसला असता किंवा भांडला असता. त्यानं तिला खाटेवर बसवलं, चहा दिला, तिच्याकडून नंबर घेऊन घरी फोन केला. मी नेमका सुट्टीवर होतो. जाऊन बघतो तर ज्योती घोड्याच्या मानेवर हात ठेवून त्याला समजावून सांगत होती.

मला बघून म्हणाली, "आप्पा, आते पेट्रोलनं काम नही. आख्खं गाव घोडावर फिरी."

माझा हात वर गेला. म्हाताऱ्यानं तो धरला. "मारना मत, भाई. बच्ची बीमार है. मेरी बहन ऐसी थी." मग हळू आवाजात म्हणाला, "उसको हमने बहुत मारा था."

निदानाचा दिवस म्हणून मी तोच धरतो. डॉक्टरांनी नाव नंतर दिलं.

डॉक्टरांनी मला काय सांगितलं

सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा मनाचा चढउताराचा आजार आहे. कधी खोल खड्डा, कधी नको इतकी उंची. कुणाचा दोष नाही, रोज औषध घेतलं तर माणूस नीट जगतो. मग त्यांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलं. मी वाचलं आणि हसलो.

"साहेब, हे तर आम्ही फरशीत घालतो."

डॉक्टरही हसले. म्हणाले, तुमचं फरशीसाठी गाळलेलं, हे माणसासाठी गाळलेलं. नाव तेच, पण शुद्धता आणि मोजमाप वेगळं. मग हसू आवरून त्यांनी मला नीट बसायला सांगितलं आणि एक गोष्ट समजावली. शरीराला हे औषध आणि स्वयंपाकातलं मीठ भावाभावांसारखी वाटतात. मीठ कमी पडलं की मूत्रपिंड या औषधाला बाहेर जाऊ देत नाही, धरून ठेवतं. मग तेच औषध अंगात साठून विष होतं. म्हणून मीठ एकदम कमी करायचं नाही, पाणी कमी करायचं नाही, उलट्या-जुलाब झाले तर लगेच यायचं, आणि अधूनमधून रक्त तपासायचं.

सुमन तेव्हा बाहेर होती. ज्योती एका जागी बसत नव्हती, म्हणून ती तिला घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. मिठाचं बोलणं खोलीत आम्ही दोघांनीच ऐकलं, डॉक्टरांनी आणि मी.

गाडीत मी सुमनला सांगितलं, "गोयी रोज देवानी. एक दिन बी चुकावू नको." मिठाचं राहिलं. आमच्या घरात मीठ कमी करतं कोण, असं वाटलं असेल. गावात काय सांगायचं तेही मी त्याच गाडीत ठरवलं. रक्तवाढीची गोळी आहे म्हणून सांगायचं. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तेच सांगितलं. आक्का सोयरिकी जमवायची. तिला खरं कळलं असतं तर तालुक्याला कळलं असतं.

आणि गोळी लागू पडली. हे विसरून चालणार नाही. ज्योती झोपू लागली, जेवू लागली, परीक्षेला बसली. मी घरी आलो की मला चिडवायची, "आप्पा, मी तुमन्या टाइल्ससारखी व्हयी गयी. चकाचक." ते महिने आमच्या घराचे सगळ्यात चांगले महिने होते.

फोन

सुमनचं माहेर व्याऱ्याकडचं, गुजरातमधलं. तिकडे लग्नाच्या मुली आषाढात अलूणा धरतात. जवाचे अंकुर वाढवायचे, गौरीची पूजा करायची आणि पाच दिवस मिठाचा कण जिभेला लावायचा नाही. सुमननं स्वतः धरला होता. आमच्या गावी त्याचं एवढं चालत नाही, पण त्या आषाढात आक्कानं शहाद्याकडचं एक चांगलं स्थळ आणलं होतं आणि मुलाची आई गुजरातची होती.

मी गोदामात होतो. फोन वाजला.

"आवो, आयका ना," सुमन म्हणाली. "आक्का इयेल शेतस. म्हनतस, ज्योतीनी अलूणा धरा तं मुलानी माय खूश व्हयी जाई. धरू देऊ का?"

मला आठवलं. हेच मला लिहायचं होतं. मला विसर पडला नव्हता. डॉक्टरांचं वाक्य, ती भावाभावाची उपमा, सगळं त्या क्षणी आठवलं.

मी म्हणालो, "मीठ बिलकुल नही का?"

फोन आक्कानं घेतला. "तू तठे बसीसन काय जानस रे? बायांनं काम शे हाई. पाच दिनमा मरी जाई का पोर?"

मी नको म्हटलं असतं तर आक्कानं का म्हणून विचारलं असतं. रक्तवाढीच्या गोळीला मीठ का लागतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. समोर फळीवर गोण्या रचलेल्या होत्या. एकीला भोक पडून पावडर सांडली होती आणि एक मजूर ती उघड्या हातानं भरत होता. मी मनात म्हटलं, पोरीच्या गोळीत असतं ते माझ्या नखातही असतं. पाच दिवसांत काय होणार आहे.

"धरू दे," मी म्हणालो. "गोयी मातर चुकावू नको."

"नही चुकावाव," मागून सुमनचा आवाज आला.

तिनं चुकवली नाही. मीठ नसलेला घास भरवून झाला की पाचही दिवस स्वतःच्या हातानं तिनं पोरीच्या तळहातावर गोळी ठेवली.

दवाखाना

तिसऱ्या दिवसापासून ज्योतीचे हात थरथरू लागले. उपासाचा अशक्तपणा, असं आक्का म्हणाली. मग जुलाब झाले, उलट्या झाल्या. उकाडा होता, पाणी पोटात ठरत नव्हतं. पाचव्या दिवशी ती बोबडं बोलू लागली आणि चालताना भिंतीला धडकली. नंदुरबारहून तिला सुरतेला हलवलं. मी कारखान्यातून थेट दवाखान्यात गेलो तेव्हा तिचं रक्त यंत्रातून फिरवणं चालू होतं.

दवाखान्याच्या दिवसांबद्दल जास्त लिहवत नाही. सकाळी काचेतून एकदा बघायचं, संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात जिन्याखाली चटईवर बसायचं. शेजारच्या चटईवर नवापूरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं, त्यांचा मुलगा आत होता. त्यांच्या आजी रोज दोन डबे आणायच्या, एक त्यांचा, एक आमचा. त्यांची कोकणी, तिकडच्या आदिवासींची बोली, आम्हाला धड कळत नव्हती. सुमन डबा उघडायची, मला वाढायची आणि स्वतः नुसती पोळी खायची.

एके दुपारी ज्योतीच्या त्याच डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, औषध अंगात फार साठलंय. मग विचारलं, "मीठ बंद केलं होतं का?"

सुमननं माझ्याकडे बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

मी म्हणालो, "घरात बायकांनी व्रत धरायला लावलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सांगितलं होतं ना, असं ते आता म्हणणार, म्हणून मी मान खाली घातली. ते तसं म्हणाले नाहीत. तेवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली आणि ते वळले. सुमननं दोन्ही हात जोडून गुजरातीत त्यांच्या पाठीला सांगितलं की चूक माझी आहे, मीच धरायला लावलं, माझ्या पोरीला वाचवा.

ज्योती वाचली. पण मेंदूचा जो भाग माणसाला तोलून धरतो तो पूर्ववत झाला नाही. आजही ती भिंतीला हात लावत चालते. शब्द ओढून ओढून येतात. पेला दोन हातांनी धरते. आजारावर आता दुसरं औषध चालू आहे. शहाद्याच्या स्थळाचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

परतीच्या गाडीत ज्योती बाकावर झोपली होती. सुमननं हळूच विचारलं, "तुमले सांगेल व्हतं का डॉक्टरनी, मीठनं?"

"नही," मी म्हणालो.

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

अळणी

घरी आल्यावर सुमननं मीठ सोडलं. कुणाला सांगितलं नाही, गाजावाजा केला नाही. भाजी चुलीवरून उतरवताना स्वतःपुरती आधी काढून ठेवायची आणि मग आमच्यासाठी मीठ घालायची. मला ते बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

ज्योतीला आधी कळलं. तिची थट्टा थांबली नव्हती, फक्त हळू झाली होती. "माय, तू मन्हाकरता मीठ सोडं. मी तुन्हाकरता काय सोडू, चहा?"

"तू आळस सोड. तितलं व्हयनं तरी खूप शे."

दोघी हसल्या. मीही हसलो. माझ्या ताटात आमटी होती, मीठ बरोबर पडलेलं होतं.

सांगायचा प्रयत्न मी केला. निवृत्त होऊन घरीच होतो, वेळ भरपूर होता. एकदा आम्ही दोघं ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. पथारीवर वाळत घातलेल्या मिरच्यांचा खाट, तो तिखट ठसका, वाऱ्याबरोबर गावभर पसरला होता आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, आत्ता रडलं तरी चालेल.

"आयक ना," मी म्हणालो.

"काय?"

"औंदा मिरची तिखट शे."

"मंग साखरनं पानी पाजं व्हतं का तुम्ही तिले?"

ती हसत शिंकली आणि मी उठलो. कधी पाहुणे होते, कधी ज्योती जवळ होती, कधी सुमनचा चेहरा त्या दिवशी बरा दिसत होता. कारण दर वेळी सापडायचं.

ज्यांच्या घरी ही गोळी आहे

औषधाला दोष देऊ नका आणि मनानं बंदही करू नका. माझ्या मुलीला त्यानं चांगले दिवस दाखवले होते. पण डॉक्टर जे सांगतात ते एकानं ऐकून खिशात ठेवायची गोष्ट नाही. घरात जी चूल सांभाळते तिला सांगा, जो पाणी भरतो त्याला सांगा, आत्या-मावशीलाही सांगा. उपास, व्रत, पथ्य, उन्हाची मजुरी, जुलाब, दुखण्याची दुसरी गोळी, काहीही असलं तर आधी डॉक्टरांना विचारा. आजाराचं नाव लपवलं तर त्याबरोबर त्याची काळजीही लपून जाते. आमच्या घरात तेच झालं.

दुसरा दवाखाना

गेल्या उन्हाळ्यात सुमनला फणफणून ताप आला. ती काहीतरी असंबद्ध बोलू लागली म्हणून नंदुरबारला नेलं. छातीत संसर्ग होता, हृदय थकलेलं होतं. रक्ताचा कागद बघून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांचं सोडियम फार खाली गेलंय. मीठ खात नाहीत का?"

तोच प्रश्न. या वेळी सुमन शेजारी उभी नव्हती, पलंगावर होती आणि डोळे मिटलेले होते.

"व्रत आहे तिचं," मी म्हणालो.

"कसलं?"

मी औषधांची चिठ्ठी उचलली आणि दुकानाकडे निघालो. मीठ सोडल्यामुळेच ती गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. पण सलाइनच्या बाटलीकडे मी बघत बसायचो. मिठाचं पाणी होतं ते. तिनं इतकी वर्षं दूर ठेवलेलं मीठ थेंबाथेंबानं तिच्या अंगात जात होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

एका सकाळी तिला थोडी शुद्ध आली. ज्योतीला शेजारीण चहाला घेऊन गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची पुढे ओढली, तिचा हात धरला. वाक्य तोंडाशी आलं होतं.

तिनंच आधी विचारलं, "पोरले गोयी दिन्ही का?"

"दिन्ही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. तिला तेवढंच हवं होतं. मी ते वाक्य संध्याकाळवर ठेवलं. संध्याकाळी तिला शुद्ध नव्हती, आणि त्यानंतर आलीच नाही.

आखाजी

यंदाच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी भरतात ती घागर सुमनच्या नावानं पहिल्यांदा भरली. ज्योतीनं शेजारणीच्या मदतीनं पुरणपोळी केली, आंब्याचा रस केला, आमटी केली. आगारी टाकायला, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर द्यायला, मी चुलीतले निखारे पुढे ओढले. ज्योती भिंतीला खांदा टेकवत आली. दोन्ही हातांत ताट होतं, ते थरथरत होतं, पण तिनं मला ते घेऊ दिलं नाही.

"आप्पा, हाई मायनं ताट. यान्हामा मीठ नही टाकं मी. तिले असंच लागस."

मी डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं. ज्योती बघत होती. ते मीठ तिच्या आईच्या आमटीत घालायला मला तिच्यासमोर कारण सांगावं लागलं असतं. मी चिमूट तशीच मुठीत ठेवली आणि दुसऱ्या हातानं अळणी घास निखाऱ्यांवर सोडला. वर तूप घातलं. जाळ झाला. सगळं झाल्यावर मूठ उघडली तर मीठ घामानं विरघळून गेलं होतं.

हे लिहून झालं की ज्योतीला वाचायला देणार आहे. तिला कळायला हवं, आणि तिला जे वाटेल ते मला ऐकायला हवं. पण तिच्या आधी जिला सांगायचं होतं तिच्यासाठीचं वाक्य माझ्याकडे तसंच पडून आहे. त्या सकाळी खुर्ची पुढे ओढून मी हे म्हणणार होतो.

ज्योतीनी माय, तुन्ही काहीच चूक नव्हती. डॉक्टरनी माले सांगेल व्हतं. गाडीमा तू इचारं तवय मी खोटं बोलनू. माले माफ कर. आते मीठ खाई ले.